निवृत्तीनंतर वाचायची म्हणून ठेवलेली पुस्तकं

ताई, नमस्कार.

माझं वय ६१. एका सरकारी मंडळाच्या हिशेब विभागातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घर नाशिकरोडला आणि नोकरी मुंबईत, त्यामुळे शेवटची वीसेक वर्षं ‘पंचवटी एक्सप्रेस’च्या पासावर काढली. सकाळी सातच्या सुमारास गाडीत बसायचं आणि रात्री साडेनऊ-दहाला उतरायचं. त्या गाडीत इतकं वाचलं की ऑफिसात मला ‘लायब्ररी’ म्हणायचे. रहस्यकथा, शिकारकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, साप्ताहिकं, हाताला लागेल ते.

त्याच काळात पुस्तकं विकतही घेत गेलो. प्रदर्शनात, साहित्य संमेलनात, प्रकाशनपूर्व सवलतीत. थोरामोठ्यांची चरित्रं, समग्र वाङ्मयाचे संच, ज्ञानेश्वरीच्या तीन सार्थ आवृत्त्या, इतिहासाची साधनं. मनात एकच होतं, निवृत्त झालो की निवांत वाचायचं. दोन लोखंडी कपाटं भरली.

आता निवांतपणा आहे, पुस्तकं आहेत, पण वाचन होत नाही. पहिली दोन वर्षं थोडंफार व्हायचं. गेल्या वर्षभरात एकही पुस्तक शेवटापर्यंत गेलेलं नाही. दुपारी जेवून खुर्चीत बसतो, दोन पानं होतात आणि डोळे मिटतात. रात्री आडवा होऊन पुस्तक धरतो, तेवढ्यात मोबाईल वाजतो, मग तासभर तोच. यंदा आठवड्याला एक याप्रमाणे ५२ पुस्तकं वाचायचा संकल्प एका ग्रुपवर जाहीर केला होता. तो महिनाभरात बारगळला, पण ग्रुपवर अजून खोटंच ‘वाचतोय’ म्हणून लिहितो.

बाकी सगळं ठीक आहे. सकाळी फिरायला जातो, नातू आला की क्रिकेट असतं, रविवारची मिसळ चुकवत नाही. आमच्या डब्यातले एक जण, ज्यांच्याशी माझी पुस्तकांची अदलाबदल चालायची, ते मागच्या पावसाळ्यात गेले. मुलगा म्हणतो, मोबाईलने तुमच्या मेंदूची वाट लावली. बायको म्हणते, कपाटं रिकामी करा, मला भांडी ठेवायला होतील.

माझी वाचनाची आवडच मेली का? की मला काही झालंय?

– एक माजी वाचक, नाशिकरोड

*

नमस्कार.

दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेते, कारण त्याचं उत्तर थोडक्यात आहे. कशातच रस न वाटणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण आहे. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी नकोशा वाटत असतील आणि जोडीला झोप, भूक, उत्साह बिघडला असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. तुमची मिसळ शाबूत आहे, नातवाला तुम्ही बॉलिंग टाकताय, म्हणून तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. पण पत्रावरून माणूस पुरता कळत नाही. फिरायला जाणं आणि मिसळसुद्धा अंगावर यायला लागली तर वाट बघू नका. सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता पहिला प्रश्न, आवडीचा.

‘त्या गाडीत इतकं वाचलं’ असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. मी ‘त्या गाडीत’पाशीच थांबले. पासधारकांच्या डब्यात माणसाला काय काय मिळतं ते आठवून बघा. जागा ठरलेली. वेळ ठरलेली, आणि ती वेळ तुमच्याकडून कोणी मागून घेऊ शकत नाही. दूध आणा, गॅसवाला आलाय बघा, प्लंबरला फोन लावा, यातलं काहीही तिथवर पोचत नाही. घाटात फोनची रेंज जायची. खिडकीबाहेरचं दृश्य इतक्या वर्षांत पाठ झालेलं. कंटाळून उठावं म्हटलं तर जाणार कुठे? अशा ठिकाणी बसवलेला माणूस तिकिटाच्या मागचा मजकूरही लक्ष देऊन वाचेल. त्यात सकाळी पुढ्यात ऑफिस आणि संध्याकाळी डोक्यात ऑफिस. दोन्हींच्या मध्ये तीन-तीन तासांची रहस्यकथा म्हणजे काय चैन असेल, ते मला इथे बसून कळतं.

सांगायचं ते असं, की त्या वाचनातला निम्मा वाटा रेल्वेच्या वेळापत्रकाचा होता. यात तुमचा अपमान नाही. बहुतेक वाचणाऱ्यांचं असंच असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर माझी नोकरी गेली. वर्गणी बंद करून अनामत परत घ्यायला आलेल्या माणसाला मी कारण विचारत असे. (ते माझ्या कामात मोडत नव्हतं, पण विचारत असे.) बदली झाली. घर लांब गेलं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मुलीची दहावी आहे. आणि निवृत्त झालो, आता या बाजूला येणं होत नाही, हे तर पुष्कळांचं. पुस्तकं आवडेनाशी झाली म्हणून अनामत मागणारा माणूस क्वचितच भेटला. वाचन सुटतं ते जवळजवळ नेहमी त्याच्या आजूबाजूचं काहीतरी सुटल्यामुळे. पुस्तक शेवटी जातं, पण दिसतं तेवढंच.

तुमच्या आजूबाजूचं आणखी काय सुटलं, तेही तुम्हीच लिहिलंय. ‘बाकी सगळं ठीक आहे’ या वाक्याखाली फिरणं, क्रिकेट, मिसळ, आणि त्याच रांगेत डब्यातल्या त्या गृहस्थांचं जाणं. ते वाक्य त्या रांगेत मला बरोबर वाटलं नाही. ते मागच्या पावसाळ्यात गेले. तुमचं वाचन पहिली दोन वर्षं थोडंफार चालू होतं आणि पूर्ण थांबलं ते गेल्या वर्षभरात. या दोन तारखा तुम्ही शेजारी ठेवून पाहिल्या नसतील. हिशेब विभागातल्या माणसाला मी हे सांगावं, याचं मला जरा हसू येतंय, पण बघा.

पुस्तकांची अदलाबदल म्हणजे नुसती पुस्तकं इकडची तिकडे होत नसतात. ‘पहिली पन्नास पानं धीर धरा, पुढे गाडी पळते’ असं सांगणारं कोणी असतं. आपण काय वाचतोय याची कोणीतरी चौकशी करतं. आवडलं नाही तर भांडायला माणूस असतो. संध्याकाळी कसाऱ्याला गाडीला मागून इंजिन जोडेपर्यंत ‘खून कोणी केला हे मला आधीच कळलं होतं’ अशी फुशारकी मारता येते, आणि समोरचा ती खोटी आहे हे ओळखतो. आपण एकटे वाचतो असं आपल्याला वाटतं खरं. पण वाचलेलं सांगायला माणूस आहे या भरवशावर बरंचसं वाचलं जातं. तो माणूस गेला की पुस्तक उघडताना हात जड होतो, आणि आपण म्हणतो, आवड गेली.

म्हणून एक काम सांगते. बाकी काही केलं नाहीत तरी हे करा. इतक्या वर्षांची अदलाबदल होती, म्हणजे त्यांचं एखादं पुस्तक तुमच्याकडे राहिलेलं असणार आणि तुमचं त्यांच्या घरी. त्यांचं शोधून काढा आणि परत करायला जा. वहिनी असतील, मुलं असतील, त्यांच्याशी बोला. त्यांच्या शेवटच्या दिवसांत ते काय वाचत होते ते विचारा. वाचायचं की नाही ते नंतर बघू.

आता त्या दोन कपाटांबद्दल. इथे मी थोडं कडक लिहिणार आहे.

तुम्ही काय वाचायचात? रहस्यकथा, शिकारकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, साप्ताहिकं. तुम्ही काय विकत घेतलंत? समग्र वाङ्मय, जाडजूड चरित्रं, सटीप पोथ्या, साधनग्रंथ. वाचणारा एक आणि पुस्तकं घेणारा दुसरा! वीस वर्षं तुम्ही अशा एका माणसासाठी खरेदी करत होतात, जो निवृत्त झाल्यावर तुमच्या घरी येऊन राहणार होता. तो पहाटे उठणार, ओवी-ओवी लावून ज्ञानेश्वरीच्या तीन आवृत्त्या ताडून पाहणार, टिपणं काढणार. तो आला नाही. त्याच्या जागी तुम्हीच आलात, शिकारकथा आवडणारे. आणि आता दुपारी जेवून तुम्ही त्या न आलेल्या माणसाची पुस्तकं वाचायला बसता. झोप लागणार नाही तर काय होणार?

प्रकाशनपूर्व सवलतीचे संच घेताना मी कितीतरी सभासदांना पाहिलंय. पैसे भरताना चेहऱ्यावर जे समाधान असतं ते वाचनाचंच असतं, आगाऊ घेतलेलं. पुढे संच घरी येतो, पहिला खंड चाळला जातो, बाकीच्यांचे प्लॅस्टिकचे वेष्टणही निघत नाही. यात काही पाप नाही. प्रकाशकांचं चालतं, पुस्तकं निघतात. पण त्या संचाचं देणं आपल्या डोक्यावर आहे असं समजून बसू नका. पैसे दिले तेव्हाच व्यवहार पुरा झाला.

५२ पुस्तकांचा संकल्प तर आजच्या आज सोडा. आठवड्याला एक म्हटलं की माणूस पातळ पुस्तकं निवडतो, पानं मोजतो, आवडलेल्या ठिकाणी रेंगाळत नाही. उरलेली ५१ दिसत असतात ना. नोकरीत महिनाअखेरीला ताळेबंद जुळवण्यात उमेद गेली, आता निवृत्तीतही तेच? ग्रुपवर खोटं लिहिणं बंद करा, तेही एक काम कमी होईल. ‘यंदा माझ्याच्याने होत नाही’ एवढं एक वाक्य टाका. माझा अंदाज सांगू? तासाभरात आणखी चार जण तेच कबूल करतील.

मुलाचा मोबाईलवरचा राग मला समजतो, पण मेंदूची वाट वगैरे मी म्हणणार नाही. कागदावरचं आणि पडद्यावरचं वाचन यांची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांची आकडेवारी होती. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना जास्त चांगला समजला होता, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढत होता. पण गोष्टी-कथांच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. तेव्हा रहस्यकथा फोनवर वाचलीत तर काही बिघडत नाही, उलट अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. तुमच्या बाबतीत पडद्यापेक्षा फोनची घंटी जास्त आडवी येते. रात्री तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि दार ओढून घ्या. गजरासाठी लागतो असं म्हणाल, तर गजराचं घड्याळ अजून बाजारात मिळतं.

आता करायचं काय? इथे तुमच्या घरातलाच एक जुना रिवाज तुमच्या उपयोगाला येईल असं मला वाटतं. श्रावणात किंवा चातुर्मासात घरोघरी पोथी लावायचे, ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. रोज ठरलेल्या वेळी एक अध्याय. वाचणारा एक, ऐकणारे चार-पाच, त्यात एखादी आजी डुलक्या घेणारी. वाचणाऱ्याला आज मूड नाही म्हणायची सोय नसते, कारण मंडळी येऊन बसलेली असतात. आणि अध्याय संपला की थांबायचं, पुढचं कितीही ओढ लावत असलं तरी. त्या पद्धतीत तुमच्या गाडीतल्या सगळ्या गोष्टी आहेत बघा. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, उठून जायची बंदी, आणि सोबत.

तर तशी एक रहस्यकथा लावा. हसू नका. संध्याकाळी सात वाजता, वहिनी भाजी निवडत असतील किंवा कपड्यांच्या घड्या करत असतील तेव्हा, एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. मोठ्याने वाचताना झोप लागत नाही. डोळे ओळ सोडून पळत नाहीत. आणि गोष्ट कंटाळवाणी असेल तर ऐकणारा ते तोंडावर सांगतो. वहिनींच्या भांड्यांच्या मागणीवरून त्यांना स्पष्ट बोलता येतं, हे दिसतंच आहे. दोन प्रकरणांतही त्यांना रस वाटला नाही, तर पुस्तक बदला. त्यांना हे सगळंच नको असेल तर आग्रह करू नका. तुमचं वाचन सुरू करून द्यायची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका. मग फिरायला येणाऱ्यांपैकी कोणी बघा. किंवा पंचवटी गाडीतलेच तुमच्यासारखे निवृत्त झालेले कितीतरी जण नाशिकरोड, देवळाली, सिडको भागात असतील. त्यांतले दोघे-तिघे महिन्यातून एकदा बसलात, प्रत्येकाने एक पुस्तक आणलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं, एवढं पुरे. भाषण नको, अध्यक्ष नको, फोटो नको. आपल्याकडे तीन वाचक जमले की मंडळ स्थापन होतं आणि दीपप्रज्वलनात अर्धा तास जातो.

पुस्तकं कपाटातून न घेता बाहेरून आणा. तुम्ही नाशिकचे आहात, तुमच्या गावात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे किंवा नाशिकरोडला घराजवळ जे असेल तिथे सभासद व्हा. आणलेलं पुस्तक परत करायचं असतं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर तारखेचा शिक्का पडलेला असतो. घरच्या कपाटातलं पुस्तक जन्मभर वाट बघतं, म्हणून ते उद्यावर जातं. उधार आणलेलं वाट बघत नाही. शिवाय वाचनालयात जायचं निमित्त होतं, मांडणीपाशी उभं राहून चाळता येतं, आणि आपल्या आधी कोणीतरी ते वाचलेलं असतं. पंचविसाव्या पानावर पेन्सिलीने छोटी फुली असते, ‘हे मी वाचलंय’ म्हणून स्वतःसाठी केलेली खूण. नियमाने ते चालत नाही, आम्ही सभासदांना ओरडायचो. पण अशी चार-पाच फुल्यांची पुस्तकं मी स्वतः घरी न्यायचे. म्हाताऱ्या सभासदांनी फुली मारलेलं पुस्तक सहसा फसत नाही.

आणि न आवडलेलं अर्धवट परत करा. पन्नास पानं म्हणा, तीस म्हणा. टेबलावरच्या बाईला कारण सांगावं लागत नाही. सुरुवात दिवाळी अंकांपासून केलीत तरी चालेल. १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या अंकापासून आपण ही चैन करत आलोय. एका बैठकीत एक कथा संपते, लेख आवडला नाही तर पान उलटायचं, कोणी विचारत नाही. पुष्कळ वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. थोडी जास्तीची वर्गणी भरली की दोन-तीन महिने अंक फिरते मिळतात. सवय मोडलेल्या माणसाला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

नाशिकमध्येच कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू झाली, ती तुमच्या कानावर असेल. पुस्तकांची एक पेटी एखाद्या सोसायटीत किंवा गटात ठेवायची, सगळ्यांनी ती वापरायची आणि काही महिन्यांनी तिच्या जागी दुसरी पेटी यायची. तुमच्या सोसायटीत ती आली तर ती सांभाळायचं काम मागून घ्या. कोण काय नेतं ते कळतं, आणि लोक परत करताना बोलतात. तुम्हाला पुस्तकांइतकीच त्या बोलण्याची गरज आहे.

कपाटांबद्दल वहिनींचं म्हणणं निम्मं मान्य करा. एक कपाट त्यांना द्या. एका दुपारी सगळी पुस्तकं जमिनीवर काढा आणि प्रत्येक हातात घेऊन एवढंच विचारा: हे आत्ता, आज संध्याकाळी वाचावंसं वाटतंय का? वाटत असेल ते एका बाजूला. ज्याच्याशी काही आठवण जोडलेली आहे तेही ठेवा, न वाचता ठेवलं तरी चालेल. घरात देवाच्या शेजारी ज्ञानेश्वरीची एक प्रत राहू दे, तिन्ही नकोत. उरलेली द्यायची.

देतानाही एक पथ्य पाळा, कारण मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेली आहे. न विचारता रिक्षात खोकी घालून ग्रंथालयाच्या दारात जाऊ नका. घर आवरणारे लोक वाळवी लागलेले खंड, पाठ्यपुस्तकं, जुन्या डायऱ्या ‘देणगी’ म्हणून आणून टाकतात आणि नाही म्हटलं की रागावतात. आधी यादी करा. लेखक, नाव, आवृत्तीचं साल, अवस्था. हे काम तुम्हाला छान जमेल. मग ती यादी दोन-तीन ठिकाणी पाठवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या गावातलं ‘ड’ वर्गाचं छोटं वाचनालय तुमच्या चरित्रांच्या संचाचं मनापासून स्वागत करील. इतिहासाची साधनं मात्र महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला किंवा संशोधन करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारून द्या, तिथे ती खरोखर उघडली जातील. कोणीच घेतलं नाही ते रद्दीत गेलं तरी मनाला लावून घेऊ नका. सगळी पुस्तकं जपण्यालायक नसतात, हे ग्रंथपाल चारचौघांत बोलत नाहीत, पण त्यांना ते माहीत असतं.

आणि हे सगळं करूनही वाचावंसं वाटलं नाही तर? तर नका वाचू. वीस वर्षं भरपूर वाचलंत, ते कोणी परत घेत नाही. न वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे उगाचच कमी लेखतात, त्यात वाचणारेच पुढे असतात. सकाळी फिरताना कानाला लावून कथा ऐकाविशी वाटली तर ऐका, मराठीत आता पुष्कळ मिळतात. ऐकण्यापेक्षा तास-दीड तास गप्पा मारायला आवडत असेल तर गप्पा मारा.

पण या सगळ्याच्या आधी डोळे तपासून घ्या. तुम्ही लिहिलंय की दोन पानांत डोळे मिटतात, आणि फोनवर मात्र तासभर चालतं. फोनचा पडदा स्वतः उजळतो, कागदाला बाहेरून उजेड लागतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, कारण बाहुली लहान झालेली असते आणि आतलं भिंग पिवळसर. त्यात तुमची पुस्तकं वीस वर्षांपूर्वीची, टाइप बारीक, कागद तांबूस. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच कठीण. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. गादीवर आडवं पडून पुस्तक वर धरलंत की नजर नेमकी नको त्या भागातून जाते, आणि डोळा शिणतो तो झोपेसारखाच वाटतो. नुसता वाचायचा वेगळा चष्मा करून घ्या. जेवल्यावर लगेच वाचू नका. दिवा डोक्यावरच्या छताला नको, खांद्याच्या मागून पानावर पडेल असा हवा. आणि तपासायला जाताना डॉक्टरांच्या तक्त्यावर विसंबू नका. तुमच्या कपाटातलं सगळ्यात बारीक टाइपाचं पुस्तक बरोबर न्या, ज्या अंतरावर धरून वाचता तिथे धरून दाखवा आणि त्या अंतराचा नंबर मागा.